एअर फिल्टर बदलून लहान गाडीची ताकद दहा टक्क्यांनी वाढत नाही

जुनी स्विफ्ट, वॅगन-आर किंवा आय-टेन हाताशी असलेल्या तरुणांमध्ये गेली कित्येक वर्षे एक दावा फिरत आहे, आणि थोड्याफार फरकाने तो सगळीकडे सारखाच ऐकू येतो. कंपनीने पैसे वाचवण्यासाठी बसवलेला कागदी फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो. तो काढून तेल लावलेल्या सुती जाळीचा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर आणि सरळ पाइप बसवला की ताकद दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढते, अ‍ॅव्हरेज सुधारते, फिल्टर धुऊन आयुष्यभर वापरता येतो आणि इंजिनाला कोणताही धोका नसतो. यातील एकेक विधान तपासले तर पहिली दोन हिशेबात टिकत नाहीत आणि शेवटची दोन गाडीमालकाचे प्रत्यक्ष नुकसान करणारी आहेत.

आधी ताकदीचे पाहू. जुन्या स्विफ्टमधील १,१९७ घनसेंटिमीटरचे के-सीरिज इंजिन चार स्ट्रोकचे असल्यामुळे दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाइतकी हवा ओढते. सिलिंडर पूर्ण भरतात असे मानले तरी ६,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, ही हवा मिनिटाला सुमारे ३,६०० लिटर होते. मूळ फिल्टर याच प्रवाहासाठी, आणि वर काही हजार किलोमीटरची धूळ साठल्यावरही पुरून उरेल अशा बेताने, आखलेला असतो. त्याच्या घड्या उलगडल्या तर कागदाचे क्षेत्रफळ चौकटीच्या कितीतरी पट भरते. असा नवा फिल्टर कमाल प्रवाहाला साधारण एक किलोपास्कलच्या (दाबाचे एकक) आसपास दाब खातो, आणि हवा आत घेणाऱ्या तोंडापासून थ्रॉटलपर्यंतचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडमीट होणाऱ्या झडपेपर्यंतचा, सगळा मार्ग धरला तर हा आकडा दोन-तीनवर जातो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. याचा अर्थ असा की फिल्टर, डबा आणि नळी सगळे उपटून फेकले आणि इंजिन उघड्या हवेत ठेवले, तरी मिळण्यासारखे दोन-तीन टक्केच आहेत. फक्त फिल्टर बदलणाऱ्याच्या वाट्याला त्यातील एका टक्क्याचा काही भाग येतो, म्हणजे ८३ पीएसच्या (पीएस हे अश्वशक्तीसारखे ताकदीचे एकक) इंजिनात एका पीएसहूनही कमी.

दहा टक्के म्हणजे किती, याची कल्पना घाट चढलेल्या प्रत्येकाला आहे. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास असतो, आणि तिथे चढावर गाडी जी मंदावल्यासारखी वाटते ती या पातळ हवेमुळे. फिल्टर बदलून तेवढी ताकद परत मिळवायची असेल, तर मूळ फिल्टर दहा-पंधरा किलोपास्कल दाब गिळत असला पाहिजे. वीस सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी फिल्टरवर दहा किलोपास्कल दाब म्हणजे चाळीस किलोंचा भार होतो. तेवढ्या भाराखाली कागदाच्या घड्या केव्हाच आत ओढल्या गेल्या असत्या. सर्व्हिसिंगला निघणारे जुने फिल्टर तसे दिसत नाहीत.

कोणीही हे स्वतः मोजू शकतो, आणि माझ्या मते पैसे खर्च करण्यापूर्वी ते मोजलेच पाहिजे. गवंडी लेव्हल काढण्यासाठी वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्यावी, यू आकारात वाकवून तिच्यात निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे, एक टोक फिल्टरच्या पुढे, थ्रॉटलच्या बाजूच्या नळीला जोडावे आणि दुसरे उघडे ठेवावे. यू पुरेसा खोल, निदान मीटरभर, असावा म्हणजे पाणी इंजिनाकडे ओढले जाणार नाही. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देताना शेजारी बसलेल्या माणसाने दोन्ही बाजूंच्या पाण्यातील अंतर वाचावे. दहा सेंटिमीटर अंतर म्हणजे जवळजवळ एक किलोपास्कल. नंतर हेच माप फिल्टरच्या अलीकडे घेतले की एकट्या फिल्टरचा वाटा किती हे कळते.

दावेदार याला डायनोचे, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, कागद दाखवून उत्तर देतात, म्हणून त्याबद्दलही लिहितो. दुकानातील डायनोवर गाडी बहुधा बॉनेट उघडे ठेवून, समोर मोठा पंखा लावून चालवली जाते. कोन फिल्टरचा मुख्य दोष त्यामुळे झाकला जातो, कारण रस्त्यावर बॉनेट बंद असते आणि तो उघडा फिल्टर रेडिएटर व एक्झॉस्टने तापवलेली हवा ओढतो. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६५ अंश तापमान असेल, तर निरपेक्ष तापमानाच्या हिशेबाने ३०८ आणि ३३८ केल्विन, म्हणजे हवेची घनता नऊ टक्क्यांनी उतरते. नागपूरच्या मे महिन्यात किंवा पुण्याच्या सिग्नलवर रांगत असताना हा फरक अगदी शक्य आहे. शिवाय गरम हवेने ठोका लागण्याचा, म्हणजे मिश्रण वेळेआधी आपोआप पेटण्याचा, धोका वाढतो, म्हणून इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि उरलेल्यातूनही थोडे जाते. मूळ डब्याचे तोंड ग्रिलजवळ, रेडिएटरच्या पुढे किंवा वर असते ते याच कारणाने. दाबातील एक टक्का मिळवण्यासाठी घनतेतील नऊ टक्के देऊन टाकणे हा व्यवहार मला कोणत्याही बाजूने पटत नाही.

कंपनी पैसे वाचवण्यासाठी ताकद दाबून ठेवते, हा या दाव्यातील सर्वांत लोकप्रिय भाग आहे. जाहिरातीत एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा अ‍ॅव्हरेजचा आकडा ठळक छापणाऱ्या बाजारात एवढी मोठी सुधारणा काही शे रुपयांच्या जाळीत उपलब्ध असती, तर ती कोणी सोडली नसती. मारुतीने स्विफ्टचे इंजिन ८३ वरून ९० पीएसवर नेले, म्हणजे सुमारे आठ टक्के वाढ मिळवली, तेव्हा नव्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर आले, कॉम्प्रेशन वाढले आणि एक्झॉस्टचा काही भाग थंड करून परत आत घेण्याची व्यवस्था आली. आठ टक्क्यांसाठी एवढे करावे लागते.

अ‍ॅव्हरेजचा दावा जुन्या काळाचे अवशेष घेऊन जगतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये चोंदलेला फिल्टर मिश्रण दाट करत असे आणि तो बदलल्यावर पेट्रोल खरोखर काही टक्के वाचत असे. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत मॅनिफोल्डमधील (थ्रॉटलनंतर सिलिंडरकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांमधील) दाब किंवा आत येणारी हवा मोजून पेट्रोल दिले जाते, आणि एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर चूक दुरुस्त करत राहतो. त्यातही पेट्रोल इंजिनाची ताकद मुळात हवा अडवूनच कमी-जास्त केली जाते. ताशी साठ-सत्तर किलोमीटरने सपाट रस्त्यावर जाताना थ्रॉटलची झडप बरीचशी मिटलेली असते आणि मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या निम्म्यावर आलेला असतो, म्हणजे एकटा थ्रॉटल पन्नासेक किलोपास्कल अडवत असतो. त्या वेळी हवेचा प्रवाह कमालीच्या पाचव्या हिश्श्याइतका असल्यामुळे फिल्टरचा अडथळा फार तर ०.२ किलोपास्कल भरतो. तो शून्यावर आणला, तरी तेवढाच वेग राखण्यासाठी चालकाचा पाय थ्रॉटल केसभर जास्त मिटवतो आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो. अमेरिकेतील ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचण्या केल्या. इंधनखर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. पूर्ण थ्रॉटलवर वेग घेण्याच्या वेळेत मात्र सहा ते अकरा टक्क्यांचा फरक पडला. म्हणजे फिल्टर चोंदू देऊ नये हे खरे, पण स्वच्छ कागदी फिल्टरवर अ‍ॅव्हरेज वाढवून देणारा दुसरा फिल्टर असू शकत नाही.

मग अनेकांना पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? मूळ मार्गात एक पोकळ डबी, रेझोनेटर, जोडलेली असते आणि ती हवा ओढण्याचा आवाज शोषते. ती काढली की आवाज थेट केबिनमध्ये येतो, आणि आवाजाबरोबर वेग वाढल्याचा भास होणे स्वाभाविक आहे. ज्याला तो आवाज आवडतो त्याने तसे सरळ म्हणावे, त्यात काही गैर नाही. मात्र त्या डबीचा आणि नळीच्या लांबीचा मधल्या आरपीएमच्या टॉर्कशी, म्हणजे इंजिनाच्या ओढीशी, संबंध असतो. गावात आपण दोन-तीन हजार आरपीएमला गाडी चालवतो, आणि सरळ आखूड पाइपने तिथेच ओढ कमी झाल्याचे आढळू शकते.

आता आयुष्यभर चालणाऱ्या फिल्टरविषयी, कारण खरी किंमत इथे मोजावी लागते. एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी सुमारे ९,००० लिटर हवा लागते. लिटरला अठरा किलोमीटर देणारी गाडी दहा हजार किलोमीटरमध्ये सुमारे पन्नास लाख लिटर हवा गिळते, आणि ती हवा आपल्या रस्त्यांवरची असते: खडी क्रशरच्या शेजारची, उसाच्या ट्रॅक्टरमागची, अर्धवट सोडलेल्या चौपदरीकरणाच्या कामावरची. वाळूतील सिलिका सिलिंडरच्या बिडाहून कठीण असते. सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते साधारण ५ ते २० मायक्रॉनचे असतात, कारण रिंग आणि सिलिंडर यांच्यामधील तेलाच्या थराला भेदून दोन्ही पृष्ठभाग घासण्याइतकेच त्यांचे माप असते. तिथून ते ऑइलमध्ये उतरतात आणि बेअरिंगपर्यंत पोहोचतात.

फिल्टर किती धूळ अडवतो हे मोजण्याची आयएसओ ५०११ ही प्रमाणित चाचणी आहे, आणि चांगला कागदी फिल्टर तीत ९९ टक्क्यांच्या वर जातो. तेलकट जाळीच्या फिल्टरचे आकडे बहुधा त्याखाली असतात. ऐकताना ९९.५ आणि ९७ यांत फरक वाटत नाही, पण इंजिनाच्या दृष्टीने महत्त्व निसटलेल्या धुळीला आहे. शंभर ग्रॅम धुळीतून पहिला फिल्टर अर्धा ग्रॅम आत सोडतो आणि दुसरा तीन ग्रॅम, म्हणजे सहापट. जाळीतून हवा सहज जाते याचे एक कारण तिची छिद्रे मोठी असतात हे आहे. तोच गुण आणि तोच दोष. शिवाय कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच बारीक कण अडवू लागतो आणि काही काळ फिल्टर नव्यापेक्षा चांगले काम करतो. जाळीचा फिल्टर धुतला की प्रत्येक वेळी हा प्रवास पहिल्यापासून सुरू होतो. तेल कमी लागले तर धूळ निसटते, जास्त लागले तर ते उडून पुढे जाते. पेट्रोलच्या अनेक लहान गाड्यांत दाब मोजणारा सेन्सर असल्याने तिथे फारसे बिघडत नाही, पण १.३ लिटर मल्टिजेट डिझेलसारख्या इंजिनांत हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या पातळ घटकावर हे तेल बसते आणि मोजमाप चुकू लागते.

थंड हवेसाठी फिल्टर खाली बंपरमागे नेण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा तो देणाऱ्याने मुंबईचा पाऊस लक्षात घेतलेला नसतो. मूळ तोंड वर असते ते पाण्यापासून दूर राहण्यासाठीही. खाली नेलेला फिल्टर गुडघाभर पाण्यात बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत असे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि बदललेला मार्ग पाहून तिथेही वाद होऊ शकतो. क्रँककेसमधील, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागातील, वाफा परत आत नेणारी नळी पुष्कळ जण या कामात उघडी सोडतात. त्याने प्रदूषण वाढते आणि बॉनेटखाली तेलाचा थर बसतो. कायद्याच्या बाजूने एवढेच नोंदवतो की २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असू शकतात.

मुक्त प्रवाहाच्या फिल्टरला जागाच नाही असे मी म्हणत नाही. शर्यतीसाठी कॅमशाफ्टसह सगळे बदललेले इंजिन वारंवार उघडून दुरुस्त केले जाते, तिथे एका टक्क्यालाही मोल असते. चाकणला बनलेल्या पोलो टीएसआयसारख्या टर्बो गाडीचे मॅपिंग (इंजिनाच्या संगणकातील मांडणी) बदलून बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब, वाढवला असेल, तर तिचा मूळ हवामार्ग अपुरा पडू शकतो आणि मूळ डब्यात बसणारा चांगला पॅनेल फिल्टर घेण्याला अर्थ असतो. रोज कामावर नेणाऱ्या ८३ पीएसच्या गाडीचा प्रश्न यातला नाही.

तिच्यासाठी कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा कागदी फिल्टर पुरेसा आहे, आणि तो निवडताना भाव पाहण्याआधी घड्या समान अंतरावर आहेत का, कडेचे रबर सलग आणि लवचीक आहे का, कोपरे डब्यात घट्ट बसतात का हे पाहावे. नकली फिल्टर बहुधा कडेलाच उघडे पडतात. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून तोच फिल्टर पुन्हा बसवण्याची पद्धत सोडावी, कारण त्याने कागदाला सुईसारखी छिद्रे पडतात. फिल्टर बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. कच्च्या रस्त्यावर रोजचे जाणे असेल तर त्याच्या निम्म्यात बदलावा. डबा उघडलाच आहे तर उंदरांनी आत चिंध्या किंवा पाने आणून ठेवली आहेत का तेही बघावे, आणि फिल्टरच्या पुढील नळीत आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर धूळ आली, तर फिल्टर कोणत्याही कंपनीचा असो, हवा त्याला वळसा घालून जात आहे आणि क्लिप, रबर किंवा नळीतील भेग आधी शोधली पाहिजे.