शिशाशिवाय पिवळा खुलत नाही म्हणे!

घराघरांत रंगकाम निघालं की एक मेसेज फिरू लागतो. म्हणणं असं: पूर्वीचे रंग जमिनीतले, म्हणून निर्धोक, विष आणलं ते कारखान्यांनी. झळझळीत पिवळ्याला शिसं लागतंच. आणि ‘लेड-फ्री’ रंगातही निकेल, अँटिमनी असतंच, मग फरक तो काय? ती नुसती जाहिरात!

जमिनीतलं म्हणून निर्धोक? हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची सल्फाइडं, हिंगूळ पाऱ्याचं. तिन्ही अस्सल खनिजं, तिन्ही विषारी. गेरूला कुणी नावं ठेवणार नाही, कारण त्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. पण तेच ऑक्साइड कारखान्यात बनवलं तर सहसा जास्त शुद्ध मिळतं; खाणीतल्या मातीबरोबर आर्सेनिक किंवा शिशाचा अंश येऊ शकतो.

आता पिवळा. जुना क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट. त्यातलं शिसं घातक, आणि क्रोमियमही सहा संयुजेचं, म्हणजे कर्करोगकारक. (क्रोम ऑक्साइडच्या हिरव्या रंगातही क्रोमियमच असतं, पण तीन संयुजेचं. त्याची गणना विषारी रंगांत होत नाही.) क्रोम यलोच्या जागी बिस्मथ व्हॅनेडेट हे पिवळं रंगद्रव्य आहे, तेही आजकालचं नव्हे, गाड्यांच्या रंगात ते कित्येक वर्षं वापरलं जातंय. छटा किंचित हिरवट, पण तेज भरपूर आणि उन्हापावसाला पक्कं. केशरीकडे झुकणारा पिवळा हवा असेल तर त्यात सेंद्रिय रंगद्रव्य मिसळतात.

निकेल-अँटिमनीचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण ती असतात ते पिवळं रंगद्रव्य बनतं कसं, ते बघा: टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये या दोघांची ऑक्साइडं थोड्या प्रमाणात मिसळून सुमारे 1000 अंश सेल्सिअसला भाजतात. भट्टीत त्यांचे अणू रुटाइलच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्याच एका रूपाच्या) स्फटिकात टायटॅनियमच्या जागा पकडून बसतात आणि पोटातल्या आम्लालाही जवळपास दाद देत नाहीत. लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही म्हणून निर्धास्त राहावं, तर जठरातल्या आम्लात त्यातलं शिसं सुटतं. जुनी ग्रिल पॉलिशपेपरने घासताना उडालेली पिवळी धूळ फरशीवर बसते, रांगत्या पोराच्या हाताला लागते आणि तोंडात जाते. म्हणून नुसती मूलद्रव्यांची नावं वाचून भागत नाही; अंगात किती सुटतं ते बघावं लागतं.

मेसेजवाल्यांनी किमतीचा मुद्दा काढला असता तर मान डोलावली असती. बिस्मथ व्हॅनेडेट क्रोम यलोपेक्षा बरंच महाग पडतं. किमतीपायी अडलेला आणखी एक रंग बघा: 2009 मध्ये अमेरिकेत ऑरेगन स्टेट विद्यापीठात मास सुब्रमणियन यांच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्ससाठी पदार्थ शोधताना यिट्रियम, इंडियम आणि मँगनीजचा गडद निळा हाती लागला. रंग अप्रतिम, पण इंडियमच्या भावामुळे भिंतीवर फासायची सोय नाही.

राहिली ‘नुसती जाहिरात’. नोव्हेंबर 2017 पासून भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत 90 पीपीएमहून (दहा लाख भागांत 90 भागांहून) जास्त शिसं चालत नाही, आणि तसं डब्यावर छापावं लागतं. औद्योगिक रंगांना मात्र हा नियम लागू नाही. त्यामुळे गेटसाठी कुणी ‘इंडस्ट्रियल इनॅमल’चा स्वस्त डबा पुढे केला, तर ती ओळ त्यावर आहे का ते आधी बघा.