झोपेची दोरी कुणी ताणली?

दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर फिरून येतो. या वेळी आत्याने पाठवला. मजकूर असा: शेक्सपियरच्या काळी इंग्लंडात पलंगाला फळ्या नसत, दोऱ्या असत. त्या रोज रात्री ताणाव्या लागत, म्हणून निजताना ‘गुड नाइट, स्लीप टाइट’. गादीत पेंढा आणि पेंढ्यात ढेकूण, म्हणून ‘डोन्ट लेट द बेडबग्ज बाइट’. निजण्याआधी गादी बडवून किडे पळवायचे, म्हणून झोपायला जाण्याला ‘हिट द हे’ (‘हे’ म्हणजे वाळलेलं गवत). गवताच्या छपरातून किडे अंगावर पडत, म्हणून चार खांबांचे, छतवाले पलंग आले. एवढ्या सगळ्या इतिहासात साल एकही नाही. आत्याशी ग्रुपवर वाद घालायची माझी छाती नाही, म्हणून इथे लिहितो.

दोरीचे पलंग होते, ते खरं. दोरी ताणायला खास लाकडी किल्लीही असे. इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ आणि खाली खाच. खाचेत दोरी अडकवायची, पीळ देऊन ओढायची आणि सुटू नये म्हणून भोकात खुंटी ठोकायची. जुन्या घरांच्या संग्रहालयात गाइड ही किल्ली हातात घेऊन ‘स्लीप टाइट’ची गोष्ट सांगतात आणि पाहणाऱ्याला ती पटते. आपल्याला तर लगेचच पटते. सुंभाची बाज सैल पडली की मधे झोळी होते आणि सकाळी कंबर धरते, हे ज्याने अनुभवलंय तो कशाला शंका घेईल?

पण वस्तू खरी म्हणून शब्दाचा जन्म तिच्यातून झाला, असं होत नाही. ‘स्लीप टाइट’चा आजवर हाती लागलेला सगळ्यात जुना वापर म्हणून दाखवतात तो १८६६ सालचा, म्हणजे शेक्सपियर जाऊन अडीचशे वर्षं झाल्यानंतरचा, तोही इंग्लंडातला नाही, अमेरिकेतल्या फ्लोरिडातला. सुझन ब्रॅडफर्ड नावाची तरुणी प्रवासाला निघताना रोजनिशीचा निरोप घेते आणि तिला म्हणते, ‘स्लीप टाइट अँड वेक ब्राइट’. वहीला म्हणते! वहीची कुठली दोरी ताणायची?

मग ‘टाइट’ आला कुठून? तो दोरीचा नाही, झोपेचा आहे. ‘टाइट’ आणि ‘टाइटली’चा नीट, पक्कं असा अर्थ इंग्रजीत जुनाच. शेक्सपियरच्याच ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये फॉल्स्टाफ पोऱ्याच्या हाती पत्रं देतो आणि ती ‘टाइटली’ ने म्हणून बजावतो, म्हणजे नीट सांभाळून. ‘फास्ट अस्लीप’ची जातही हीच. शाळेत आम्हाला प्रश्न पडायचा, फास्ट म्हणजे भरभर झोपला का? तिथला ‘फास्ट’ म्हणजे पक्का, घट्ट. ‘मॅकबेथ’मध्ये झोपेत चालणाऱ्या राणीबद्दल तिची दासी ‘फास्ट स्लीप’ असंच म्हणते.

आणि मराठी माणसाला हे समजायला इंग्रजी कोशाची तरी काय गरज? आपण ‘गाढ झोप’ म्हणतो आणि ‘गाढ आलिंगन’ही म्हणतो. गाढ म्हणजे घट्टही आणि खोलही. गाढ झोप हा शब्द बाजेच्या दोरीवरून आला, असं अजून तरी कुणी फॉरवर्ड केलेलं नाही. (आता करतील.)

ढेकणांचं थोडक्यात. ढेकूण तेव्हा होते, आपल्या चाळींतही होते. खाटा गॅलरीत काढून सांध्यांत उकळतं पाणी ओतणाऱ्या बायका पुष्कळांनी पाहिल्यात. पण ती ओळ ‘नाइट, टाइट, बाइट’ या यमकाच्या ओढीने आलेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकेतली. आणि दोरी कितीही ताणा, ढेकणाला काय त्याचं? त्याला लाकडाची फट पुरते.

‘हिट द हे’सुद्धा अमेरिकन बोलीतलं, साधारण १९०० च्या आगेमागे रुळलेलं. इथे ‘हिट’ म्हणजे बडवणं नव्हेच. ‘हिट द रोड’ म्हणणारा रस्त्याला काठी मारत नाही, वाट धरतो; तसं हे गवत धरणं, म्हणजे अंथरूण गाठणं. त्याच अर्थाचं ‘हिट द सॅक’ तर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांनी रूढ केलं. तिथे शेक्सपियर कुठून आणणार?

राहिला छताचा पलंग. गवताने शाकारलेल्या झोपडीत राहणाऱ्याला कोरीव खांबांचा पलंग परवडत होता, असं मानायचं का? १५७७ साली इंग्लंडचं वर्णन लिहिणाऱ्या विल्यम हॅरिसनने गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी नोंदवल्यात: पेंढ्याच्या अंथरुणावर निजायचं आणि डोक्याखाली लाकडाचा ओंडका, उशी म्हणजे बाळंतिणीची चैन. खांबांचे, पडद्यांचे पलंग श्रीमंतांचे. पडदे थंडी अडवायचे, आडोसा द्यायचे आणि ऐपतही दाखवायचे. पलंग इतका मोलाचा की शेक्सपियरने मृत्युपत्रात तो बायकोच्या नावे लिहून ठेवला, तोही घरातला सगळ्यात चांगला नव्हे, त्याच्या खालोखालचा!

गंमत म्हणजे इंग्रजीत झोपायला जाण्याचे जे प्रयोग खरोखर जुने आहेत, ते या फॉरवर्डमध्ये नाहीतच. जोनाथन स्विफ्ट या लेखकाच्या १७३८ च्या संवादांच्या पुस्तकात असे दोन सापडतात. एक, ‘नॉडच्या देशी’ जाणं: बायबलमध्ये भावाचा खून करून केन जिथे जाऊन राहिला तो नॉड, आणि ‘नॉड’ म्हणजे पेंगताना डुलणारी मानही. दुसरा, ‘बेडफर्डशायरला’ जाणं. परगणा खरा, पण तिथे जायचं ते नावातल्या ‘बेड’साठी. पुढे जिन्याला ‘लाकडी टेकडी’ म्हणून पोरांना ती चढून बेडफर्डशायरला पिटाळू लागले. स्विफ्टने ते पुस्तक दिवाणखान्यातल्या घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवायला लिहिलं होतं; म्हणजे १७३८ मध्येच हे विनोद शिळे होते.