बिबट्या जुन्नरचा, दाखला स्वीडनचा

घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच. ‘स्वीडनवाले लांडगे मारतात, मग आपणच बिबटे का पोसायचे?’ जुन्नरच्या दादाने लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा.

मी स्वीडनच्या व्हार्मलँड प्रांतात राहते. 2023 च्या जानेवारीत स्वीडनभरात मिळून 75 लांडगे मारायला परवानगी होती, हे खरं. पण एल्गचं, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या हरणाचं, काय झालं तेही सांगा ना. लाकडासाठी तोडलेल्या पट्ट्यांवर पाइनची कोवळी रोपं उगवली, लांडगे जवळजवळ संपलेले, आणि एल्ग इतके माजले की 1982 मध्ये 1 लाख 70 हजारांहून जास्त मारले गेले. त्याच सुमारास कोल्ह्यांत खरजेची साथ पसरली. कोल्हे घटले तसे ससे आणि रो नावाची छोटी हरणं वाढली. खाणं, आडोसा, रोग, शिकारी प्राणी यांच्यावर संख्या ठरते. बंदुकीने ती रोखायची तर दरवर्षी चालवावी लागते.

जुन्नरला खाणं नि आडोसा कोण पुरवतं? आपणच. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, पाटाला पाणी, माणसाची वर्दळ नाही. मादी सरीतच पिलं घालते आणि ऊसतोडीत ती टोळीच्या हाती लागतात. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांचा आहार तपासला, तर सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. ही कुत्री पोसतो आपला उकिरडा. एक बिबट्या उचलला की रिकाम्या हद्दीत दुसरा येतो. 2001 पासून पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडायला लागले, तेव्हा जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले.

दादाचं उत्तर ठरलेलं. ‘तिकडून बोलायला काय जातं?’ हे लागतं. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला काकू बॅटरी घेऊन उसात शिरते, तेव्हा मी दिव्यांच्या रस्त्याने ऑफिसातून घरी येत असते. ऑक्टोबरात निम्मं ऑफिस शिकारीला जातं, परतल्यावर दिवसभर त्याच गप्पा, आणि मला त्यात बोलण्यासारखं काही नसतं. मला बोलायला येतं ते उसाबद्दल, आणि तिथेच मला परकी ठरवतात. सातबाऱ्यावर माझं नाव अजून आहे, दादा. शेतीला दिवसा वीज मागा, कुत्र्यांची नसबंदी करा, गोठ्याला जाळी बसवा. बांधापलीकडच्या पोल्ट्रीवाल्याशी तूच बोल, मेलेल्या कोंबड्या पुरायच्या खड्ड्याचा खर्च मी देते.