आजीला गप्प बसवणारा मेसेज

गेल्या गुरुवारी घणसोलीहून आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "आता पोरीसंगं बोलायचं न्हाई म्हनं. मोबाइलवर आलंय तसं."

पोरगी म्हणजे माझी भाची, अडीच वर्षांची. आई दिवसभर तिला सांभाळते, कारण भाऊ आणि भावजय दोघंही कामावर असतात. भावाकडून तो मेसेज मागवला. मथळा असा: "तुमचं मूल मागे तर पडत नाही ना? तज्ज्ञांचे सात नियम". वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण. पुढच्या दोन दिवसांत तोच मेसेज मला ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिसला आणि बालवाडीतल्या दोन आयांनीही पाठवला, "ताई, हे खरं आहे का?" म्हणून. मी 21 वर्षं बालवाडीत शिकवतेय. एकेकीला फोनवर समजावत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

मेसेजमधले नियम थोडक्यात असे. घरात एकच भाषा ठेवा आणि ती इंग्रजी; दोन भाषांनी मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं. कमी शिकलेल्या आजी-आजोबांना गोष्टी सांगू देऊ नका. गावंढळ शब्द तोंडात बसतात. चार वर्षांपर्यंत मुलाच्या कानावर तीन कोटी शब्द पडलेच पाहिजेत. घरात 500 पुस्तकं हवीत. अडीचाव्या वर्षी वाचायला शिकवा, कारण तिसऱ्या वर्षी मेंदूचं दार बंद होतं. रोज दोन तास शैक्षणिक व्हिडिओ दाखवा. आणि सातवा, नव्या शैक्षणिक धोरणातही घरी इंग्रजीच सांगितली आहे. खाली एका क्लासचा नंबर.

सातव्यापासूनच सुरू करते, कारण ते धडधडीत खोटं आहे. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण नेमकं उलट सांगतं. शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमलं तर आठवीपर्यंत, मुलाच्या घरच्या भाषेत शिकवावं असं त्यात लिहिलंय. घरात कोणी काय बोलावं यावर धोरणाने सक्ती केलेली नाही. हा मेसेज लिहिणाऱ्याने ते धोरण उघडूनही पाहिलेलं नाही.

आता आजीचं. सगळ्यात जास्त राग मला याचाच आला.

माझी आई साताऱ्याकडची, शाळा दुसरीपर्यंत. वडील वाशीच्या मार्केटला माथाडी होते, त्यामुळे आमचं घर घणसोलीच्या माथाडी वसाहतीत. जानेवारीत मी गेले होते तेव्हा आई मटार सोलत बसली होती आणि भाची समोर फतकल मारून. आईने शेंग उघडून तिच्यापुढे धरली. "ह्यो बग, किती दानं?"

"पाच!" (होते सहा.)

"आन् ह्या शेंगंत?"

"नाईत."

"का गं नाईत?"

"किद्यानं खाल्ले."

"मंग किडा कुटं गेला?"

भाचीने जरा विचार केला. "त्याच्या आईकदे."

अर्धा किलो मटार संपेपर्यंत हे असंच चाललं होतं. त्यात मोजणं आलं, कारण सांगणं आलं, आणि जो किडा समोर नाही त्याच्याबद्दल मनात चित्र उभं करून बोलणंही आलं. पुढे जेव्हा ही मुलगी पुस्तक वाचेल तेव्हा तिला हेच लागणार आहे, समोर नसलेली गोष्ट शब्दांतून डोळ्यांपुढे आणणं.

परवाच्या फोनवर आई म्हणाली, "म्या तिला 'पीज, पीज' म्हनून दावलं. पुडं काय म्हनायचं त्ये मला येत न्हाई. मंग गप बसले." तीही गप्प, पोरगीही गप्प, आणि पोरीच्या हातात मोबाइल. मेसेज लिहिणाऱ्याला हेच हवं होतं का?

हे माझं नुसतं मत नाही. 2018 मध्ये अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या 36 मुलांवर एक अभ्यास केला. घरातलं सगळं बोलणं एका लहान रेकॉर्डरवर दोन दिवस टिपलं. मोठी माणसं किती शब्द बोलली, मूल किती बोललं, आणि दोघांत किती वेळा आलटून पालटून बोलणं झालं, असं तिन्ही वेगवेगळं मोजलं. मग मुलांना गोष्टी ऐकवत त्यांच्या मेंदूचं एमआरआय केलं. ज्या मुलांशी घरी जास्त आलटून पालटून बोलणं होत होतं, त्यांच्या मेंदूचा भाषेशी जोडलेला भाग गोष्ट ऐकताना जास्त काम करत होता. आईवडिलांचं उत्पन्न आणि शिक्षण यांचा परिणाम हिशोबातून वेगळा काढल्यावरही हा संबंध टिकला. नुसत्या ऐकलेल्या शब्दांच्या संख्येचा असा संबंध दिसला नाही.

मुलं 36 च, आणि तीही अमेरिकेतली, हे मला माहीत आहे. पण बालवाडीत रोज डोळ्यांनी बघते त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं. ज्या पोराशी घरी कुणीतरी गप्पा मारतं, ते पोर पहिल्या आठवड्यात ओळखू येतं. त्या गप्पा आगरीत असोत, मालवणीत असोत, अहिराणीत असोत. गप्पा मारायला माणसाला स्वतःची भाषा लागते. जी भाषा आजीला येतच नाही, तिच्यात ती "का गं?" कसं विचारणार?

त्यातच तीन कोटींचंही उत्तर आलं, पण हा आकडा कुठून आला तेही सांगते. 1995 साली हार्ट आणि रिस्ले या दोन अमेरिकन संशोधकांनी कॅन्सस शहरातल्या 42 कुटुंबांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्यातून एकदा, एक तास रेकॉर्डिंग. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की, चार वर्षांपर्यंत सुशिक्षित, कमावत्या घरातलं मूल आणि सरकारी मदतीवरच्या घरातलं मूल यांच्या ऐकलेल्या शब्दांत तीन कोटींचा फरक पडतो. तो फरक आहे, लक्ष्य नाही. मदतीवरची कुटुंबं त्यात फक्त सहा होती, आणि पुढच्या संशोधकांनी या अंदाजावर बरेच आक्षेप घेतले. पोराशी भरपूर बोलावं एवढं त्यातून घ्या, ते खरं आहे. शब्द मोजत बसू नका.

दोन भाषांनी गोंधळ होतो म्हणे. आपल्या नवी मुंबईतलं तीन वर्षांचं पोर आजीशी मराठी बोलतं, वॉचमनकाकांशी हिंदी बोलतं, आणि कोणाशी काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. "मला वॉटर दे" म्हणालं तर तो गोंधळ नव्हे, जो शब्द आधी हाताला लागला तो वापरला. शब्द मोजायचेच तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावे लागतात. एकाच भाषेतले मोजले तर पोर मागे वाटणारच. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं याला आधार नाही.

आणि हा नियम नुसता चुकीचा नाही, तो घातक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा आला. तीन पूर्ण, आणि जेमतेम चार-पाच शब्द. घरच्यांना कुणीतरी सांगितलेलं, मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, आपोआप येईल. वर्ष त्यातच गेलं. मी मागे लागून कानाची तपासणी करायला लावली तेव्हा कळलं की त्याला ऐकूच कमी येत होतं. भाषा बदलण्यात गेलेलं ते वर्ष त्याला कोण परत देणार? सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, किंवा दोन वर्षांपर्यंत "पाणी दे"सारखे दोन शब्द जोडता येत नसतील, तर आधी बालरोगतज्ज्ञाकडे जा आणि ऐकणं तपासून घ्या. तान्ह्या बाळाचंही तपासता येतं. बोलणं मात्र कुठल्याच भाषेत थांबवू नका.

500 पुस्तकांच्या मागे मात्र खरोखरचा अभ्यास आहे, हे मान्य करायला हवं. 27 देशांतल्या माणसांना विचारलं होतं, लहानपणी तुमच्या घरात किती पुस्तकं होती? जास्त पुस्तकांच्या घरातली मुलं सरासरीने जास्त वर्षं शिकली. 2010 चा अभ्यास आहे तो. पण पुस्तकं असलेल्या घरात वाचणारी माणसंही असतात, त्यामुळे नुसता गठ्ठा आणून कपाटात ठेवला की मूल शिकेल असा त्याचा अर्थ होत नाही. आणि आमच्या घणसोलीच्या खोलीत 500 पुस्तकं ठेवायची कुठे? लहान मुलाला चार-पाच पुस्तकं पुरतात, कारण त्याला तेच तेच पुन्हा हवं असतं आणि त्या पुन्हा पुन्हामधूनच शब्द बसतात. बाकीची वाचनालयातून आणा. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे, आणि आपल्या कितीतरी पालकांनी त्याचा जिना चढलेला नाही. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुलांच्या मराठी गोष्टी चित्रांसकट फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. ज्याला वाचता येत नाही त्याने चित्र दाखवून विचारावं: हा कोण? कुठं चाललाय? का रडतोय? वाचता येणाऱ्यानेही हेच करावं, नुसतं वाचून दाखवत सुटू नये.

राहिलेले दोन पटकन. तिसऱ्या वर्षी मेंदू आकाराने बराच वाढलेला असतो, एवढंच खरं. दार वगैरे काही बंद होत नाही. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते आणि तिथली मुलं उत्तम वाचतात. आणि रोज दोन तास व्हिडिओ? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, दोन वर्षांच्या आत शक्यतो अजिबात नाही, दोन ते चारमध्ये एका तासाच्या आत, आणि कमी तितकं बरं.

इंग्रजी यावीच, त्याबद्दल वाद नाही. रविवारी घणसोलीला गेले तेव्हा भावजयीने तेच विचारलं. "ताई, शाळेत इंग्रजीत विचारलं आणि हिला आलं नाही तर?" तिची भीती मला कळते. ती स्वतः मराठी माध्यमातली, आणि ऑफिसात मीटिंगमध्ये तोंड उघडायला तिला अजून धास्ती वाटते. तेच पोरीच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिने तो मेसेज खरा मानला. मी म्हटलं, तुला येतं तेवढं इंग्रजी तू बोल, गाणी म्हण, पुस्तक दाखव. संध्याकाळचा अर्धा तास तुझा. दिवसभराचा वेळ आईचा आहे, तो आईच्या भाषेत राहू दे.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईंना मी तसं सांगायला नको होतं."

"हे मला सांगून काय उपयोग?" मी म्हटलं. ती उठून स्वयंपाकघरात आईकडे गेली.