गळ्यावर रेघ दिसली म्हणून बेसरा होत नाही

हिवाळा लागला की पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतं. मथळा साधारण असा: 'शिक्रा की बेसरा? दोन सेकंदांत ओळखा.' हे दोघं एकमेकांसारखे दिसणारे लहान शिकारी पक्षी. खाली चार मुद्दे. गळ्याच्या मधोमध काळी रेघ दिसली की बेसरा. डोळा लाल तो शिक्रा, पिवळा तो बेसरा. शेपटीवर पट्टे असले की बेसरा. आणि बेसरा हल्ली शहरातही सर्रास दिसतो. यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि चौथा तर पहिल्या तिघांच्याच पोटी जन्माला आलाय.

आधी रेघ. ती शिक्र्यालाही असते. प्रौढ नराची बारीक, राखाडी, लांबून जेमतेम कळेल अशी. पहिल्या वर्षाच्या शिक्र्याची मात्र चांगली गडद. बेसऱ्याची रेघ जाड आणि ठळक असते हे खरं, पण वरून ऊन असताना चोचीची सावली गळ्यावर पडली की शिक्र्याची रेघही फोटोत दुप्पट जाड दिसते. शिवाय सह्याद्रीच्या जंगलातल्या क्रेस्टेड गॉसहॉक या त्यांच्या भाईबंदालाही ठसठशीत रेघ असते, त्याचं काय करायचं? खरं तर रेघ नसणं जास्त उपयोगाचं. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या युरेशियन स्पॅरोहॉकच्या गळ्यावर अशी रेघ नसते.

डोळ्याचा मुद्दा तर निव्वळ घातकी. लालभडक डोळा प्रौढ शिक्रा नराचा. मादीचा पिवळा ते नारिंगी, पिल्लांचा पिवळा. म्हणजे हा नियम लावला की शिक्र्याच्या बहुतेक माद्या आणि सगळी पोरंसोरं एका झटक्यात बेसरा! उडत्या पक्ष्याचा डोळा किती वेळा धड दिसतो, हा प्रश्न वेगळाच.

शेपटीशी जरा थांबू, कारण इथे अर्धं सत्य आहे. शिक्रा नराच्या शेपटीची मधली पिसं जवळजवळ सपाट राखाडी असतात. पण कोवळ्या शिक्र्याच्या शेपटीवर पट्टे असतात, फक्त बारीक आणि जास्त. बेसऱ्याचे मोजके तीन-चार, रुंद आणि गडद. दोन पट्ट्यांमधली फिकट जागाही साधारण तेवढीच रुंद. म्हणून 'पट्टे आहेत का' असं न विचारता 'किती रुंद आहेत' असं विचारायला हवं. आणि ते कुठल्या पिसावर पाहिले, हेही. मिटलेली शेपटी खालून पाहिली की दिसतात ती कडेची पिसं, आणि त्यांच्यावरची नक्षी मधल्या पिसांपेक्षा वेगळी असते. वळताना शेपटी पसरली किंवा पाठ दिसली, तर ती फ्रेम सोन्यासारखी. बहुतेक जण नेमकी तीच डिलीट करतात, कारण तिच्यात चेहरा नसतो.

मग डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्यात बघायचं काय? पंखांची खालची बाजू. प्रौढ शिक्रा नराची ती जवळजवळ पांढरी दिसते आणि टोकं काळी. हे इतकं उठून दिसतं की दुर्बिणीशिवायही निकाल लागतो. बेसऱ्याच्या पंखाखाली सगळीकडे दाट आडवे पट्टे. मग छाती-पोट: प्रौढ शिक्र्याला गळ्याखालून पोटापर्यंत तांबूस, नाजूक आडव्या रेषा; प्रौढ बेसऱ्याच्या छातीवर उभे फराटे आणि पोटावर जाड आडवे पट्टे. कोवळ्या शिक्र्याच्या छातीवरही उभे ठिपके-फराटे असतात, आणि निम्मे 'शहरी बेसरे' हेच असावेत असा माझा दाट संशय आहे.

पंखाच्या टोकाची सुटी बोटं, म्हणजे बोटांसारखी वेगवेगळी दिसणारी पिसं, मोजा असंही कुणी सांगतं. मोजा जरूर, पण शिक्रा आणि बेसरा दोघांचीही पाचच. सहा भरली तर स्पॅरोहॉक किंवा गॉसहॉककडे वळायचं. पीस गळतीच्या दिवसांत एखादं बोट कमीही भरतं.

राहिलं शहर. बेसरा हा दाट जंगलाचा पक्षी. आपल्याकडे आंबोलीसारखा घाटमाथा किंवा गोव्यातली सह्याद्रीची जंगलं हे त्याचं घर. सोसायटीच्या गुलमोहरावर बसून सरडे आणि खारी टिपतो तो शिक्रा. आणि तिथेही एकदा चोच बघून घ्या, कारण कोकिळेच्या कुळातला पावशा रंगाने आणि उडण्याच्या ढबीने शिक्र्याची अशी बेमालूम नक्कल करतो की सातभाईसुद्धा त्याला बघून कल्ला करतात. पावशाची चोच सडपातळ असते, शिकारी पक्ष्याची आकड्यासारखी.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जात ठरत नसेल तर खात्री आहे तेवढ्याच गटाच्या नावाने नोंद करायची सोय आहे. ती वापरा, आणि पुसट का असेनात, पंखाखालचा आणि पसरल्या शेपटीचा असे दोन्ही फोटो सोबत जोडा. तपासणाऱ्याला चेहऱ्याच्या क्लोजअपपेक्षा तेच कामी येतात.