खांद्यावरची टकटक

गेल्या रविवारी कोथरूडला बहिणीकडे गेलो आणि मला पंखांचा घोडा मिळाला. भाच्याच्या डीअँडडीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून एकेका पात्राच्या भूमिकेत शिरायचा खेळ) डावात एक गडी कमी पडत होता, म्हणून मला बसवलं.

"मामा, तू फायटर. हा तुझा पेगॅसस."

"बोलतो का?"

"अजिबात नाही. कॉमन, एल्व्हिश, सिल्व्हन, सेलेस्टियल, चार भाषा कळतात त्याला. बोलता एकही येत नाही."

हे तर माझंच वर्णन झालं.

भाचा डीएम, म्हणजे डावाचा पंच आणि परमेश्वर दोन्ही. त्याने नियम समजावले. ग्रिफॉनची (डोकं गरुडाचं, धड सिंहाचं) बुद्धी २, पेगॅससची १०, आणि १० म्हणजे चारचौघा माणसांएवढी. २०१४च्या नियमपुस्तकाप्रमाणे स्वाराच्या ताब्यातल्या जनावराला तीनच गोष्टी करता येतात : सुसाट पळणं, काढता पाय घेणं आणि वार चुकवणं. (पुण्यात दुचाकी चालवायला एवढंच लागतं. सिग्नल ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग.) पण अक्कल असलेलं जनावर आपल्या मर्जीनं वागतं. ड्रॅगनवर बसलात तरी तुम्ही केवळ मागची सीट. पॅलाडिन (मंत्र येणारा धर्मयोद्धा) असतो तर मंत्र म्हणून घोडा बोलावला असता आणि मैलभर अंतरावरूनही त्याच्याशी मनातल्या मनात बोललो असतो. मी पडलो फायटर. माझ्याजवळ तलवार.

मला वाहन व्हायचा अनुभव दांडगा आहे. दर शनिवारी सकाळी आई माझ्या स्कूटरवर मागे बसते. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर मंडईची पिशवी, पिशवीतून बाहेर आलेली शेवग्याची शेंग माझ्या बरगडीत. हेल्मेटमुळे तिचं बोलणं मला टाकीत उतरलेल्या माणसासारखं ऐकू येतं. म्हणून तिनं टकटक शोधून काढली. उजव्या खांद्यावर एक म्हणजे "हळू". दोन म्हणजे "इकडं". इकडं म्हणजे कुठं, हे ती हातानं दाखवते, माझ्या पाठीमागं. डाव्या खांद्यावर टकटक झाली म्हणून एकदा शनिपाराशी मी डावीकडे वळलो, तर पाठीत गुद्दा. डाव्या अंगाला तिच्या भिशीतल्या बाई दिसल्या होत्या, एवढंच तिला सांगायचं होतं. आणि थेट हेल्मेटवर टकटक म्हणजे "थांब, कोथिंबीर राहिली". ही हमखास परतीचा रस्ता एकेरी झाल्यावरच येते.

मी उलट बोलत नाही. बोललो तरी तिला ऐकू जात नाही, कारण माझंही तोंड हेल्मेटातच. बुद्धी १०, भाषा सगळ्या कळतात, बाकी आपलं मुकाट.

तर डाव. डोंगराच्या कड्यावर मी पेगॅससवर बसलेला, समोरून लाल ड्रॅगन.

मी कॉमनमध्ये ओरडलो, "डावीकडे घे!"

भाच्याने फासा टाकला. "त्याला ऐकू आलं. पण त्याला उजवीकडे जास्त सुरक्षित वाटतंय."

"मी मालक आहे ना?"

"तू बसलायस, मामा."

बाकीची पोरं हसली. मी चिवड्याचा बकाणा भरला आणि विचार केला. ओरडून उपयोग नाही, तलवार दाखवून तर नाहीच. ज्याच्या पाठीवर बसलोय त्याला तलवार दाखवणारा माणूस फार काळ वर राहत नाही.

"मी त्याच्या उजव्या खांद्यावर दोनदा टकटक करतो," मी म्हणालो. "मग एकदा मानेवर. जरा जोरात."

भाच्यानं पुस्तक मिटलं. "म्हणजे नक्की काय सांगितलंस त्याला?"

"मला काय माहीत? मला तरी आजवर कुणी सांगितलंय?"

त्यानं वीस बाजूंचा फासा टाकला. १९ पडले.

"पेगॅसस एक सुस्कारा टाकतो," भाचा म्हणाला, "आणि वळतो."

कुठल्या बाजूला, ते मी विचारलं नाही.