निर्वस्त्र किनाऱ्यांवरही शिस्त असते

युरोपातील निर्वस्त्र समुद्रकिनाऱ्यांवर ‘काहीही चालते’ असे या विषयावरील एका लेखात म्हटले आहे, ते मला पटले नाही. मुलाकडे जर्मनीत गेलो असताना बाल्टिक समुद्राकाठच्या वार्नेम्युंडे येथे असा किनारा पाहण्यात आला. ‘एफकेके’ (निर्वस्त्र वावरण्याच्या संस्कृतीसाठीच्या जर्मन शब्दाचे लघुरूप) अशी अक्षरे असलेल्या फलकापासून त्याची हद्द सुरू होते आणि पलीकडे आजी-आजोबा, नातवंडे, कोणी पुस्तकात डोके घातलेले, कोणी वाळूत चक्क डबा उघडून बसलेले, असे अगदी घरगुती दृश्य असते. टक लावून पाहणे असभ्य समजतात, विनापरवानगी छायाचित्र काढणे तर मुळीच खपवून घेत नाहीत, आणि कुठेही बसताना खाली स्वतःचा टॉवेल अंथरावाच लागतो. (आमचा सोलापुरी टेरी टॉवेल तेथे उत्तम कामी आला, हे अभिमानाने नमूद करतो!) एरवी झाकलेली त्वचा उन्हात लवकर भाजते, म्हणून सनस्क्रीन सढळ हाताने लावावे.

क्रोएशियातील कोव्हर्साडा हे निसर्गवादी, म्हणजे निर्वस्त्र वावरणाऱ्यांसाठीचे, पर्यटनस्थळ 1961 पासून सुरू आहे. म्हणजे हे काही आजचे फॅड नव्हे. मात्र लेख वाचून कोणी गोव्यात हा प्रयोग करू नये. आपल्याकडे असा अधिकृत किनारा नाही, आणि सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील वर्तनाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.